कॉफी टाकली की भांडं आचेवर नको

तंबूबाहेर पातेल्यात केलेली कॉफी कडू झाली, तोंडात भुकटी आली, म्हणून मोका पॉट (आचेवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) घ्यावा की एअरोप्रेस (हाताने दाबून कॉफी गाळायची नळी), असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर आत्ता काहीच घेऊ नका. कारण तुमच्याच लिहिण्यात आहे: ‘कॉफी टाकून पाच मिनिटं उकळली.’ तो कडवटपणा त्या पाच मिनिटांचा.

मी वर्षानुवर्षं साध्या झाकणाच्या भांड्यातच करतो. अर्ध्या लिटर पाण्याला 30 ग्रॅम कॉफी, भरड दळलेली, जाड रव्यासारखी. घरीच वजन करून पुड्या बांधून नेतो, पहाटे गारठलेल्या बोटांनी मोजामोजी नको. पाण्याला खळखळून उकळी आली की भांडं खाली उतरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग कॉफी टाकून ढवळायचं आणि झाकण. चार मिनिटं. झाकण काढलंत की वर तपकिरी जाड थर दिसेल. तो चमच्याने हलकेच मोडा. फेस फुटतो, वास एकदम वर येतो आणि भुकटी डोळ्यांदेखत खाली बसायला लागते. वरून दोन चमचे थंड पाणी शिंपडा, आणखी दोन मिनिटं भांड्याला हात लावू नका. मग सावकाश ओता आणि तळाचे दोन घोट सोडून द्या. तो मोह आवराच, भुकटी तिथेच असते.

उंचावर गणित बदलतं. 3000 मीटरवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे अर्धा मिनिटही थांबायचं नाही. उकळी आली की लगेच कॉफी, भांड्याभोवती लोकरी टोपी किंवा टॉवेल, आणि चारऐवजी सहा मिनिटं.

थंडीत बर्नर मंदावतो तो बहुतेकदा कॅनिस्टरमधल्या, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यातल्या, ब्युटेन या इंधनामुळे. शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅनिस्टर घ्या आणि थंडीत तो उघड्यावर ठेवू नका. मात्र त्याला आचेने ऊब देऊ नका, आणि बर्नर कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणारा असेल तर वाऱ्याचा आडोसा चहूबाजूंनी लावू नका, कॅनिस्टर तापतो. पाऊस असो, वारा असो, तंबूत बर्नर पेटवायचा नाही म्हणजे नाही. बर्नरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

दूध पावडर वापरत असाल तर आधी कपात चमचाभर कोमट पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या होत नाहीत.

चोथा ओढ्यात किंवा झाडाखाली टाकू नका. मी पाणी निथळू देतो आणि रिकाम्या पुडीत भरून परत आणतो.

एवढं करूनही यंत्र घ्यावंसं वाटलं तर एकट्यासाठी एअरोप्रेस. हलका आहे, धुवायला दोन घोट पाणी पुरतं. मोका पॉट लहान बर्नरवर डुगडुगतो.