नाशिकमधील वाइन शॉपमध्ये उत्तम वाइन सवलतीत मिळाल्यास ती घ्यावी का?

घ्यावी, परंतु सवलत का दिली आहे हे आधी समजून घ्यावे. 'वाइन शॉप' अशी पाटी असली तरी आपल्याकडील बहुतेक दुकानांची मुख्य विक्री बिअर आणि व्हिस्कीची असते. त्यामुळे वाइनच्या बाटल्या वरच्या फळीवर, दिव्याच्या उजेडात आणि उष्णतेत महिनोन्‌महिने उभ्या राहतात, आणि अशाच बाटल्या बरेचदा स्वस्तात काढल्या जातात.

नाशिक परिसरात द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणून लेबलवरील हंगामाचे वर्ष आणि बाटलीबंद केल्याची तारीख अवश्य वाचावी. सोविन्यों ब्लांक किंवा शेनिन ब्लांक यांसारखी पांढरी वाइन ताजेपणासाठीच प्यायली जाते. ती तीन-चार वर्षांची असेल, तर निम्म्या किमतीतही मी घेणार नाही. याउलट ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली शिराझ किंवा काबर्ने सोविन्यों यांसारखी लाल वाइन काही वर्षे जुनी असूनही नीट साठवलेली असेल, तर तो खरा लाभाचा व्यवहार ठरतो. बूच वर सरकलेली किंवा गळ्याशी ओघळ दिसणारी बाटली मात्र सरळ परत ठेवावी, कारण ती उन्हाळ्यात तापलेली असण्याची शक्यता मोठी असते.

दुकानदाराशी ओळख वाढवून नवा माल कधी येतो हे विचारावे, प्रथम एकच बाटली घेऊन चव पाहावी आणि पसंत पडल्यास त्याच खेपेतील उरलेल्या बाटल्या घ्याव्यात. दिंडोरी किंवा गंगापूर धरणाकडे जाणे होणार असेल, तर तेथील वायनरीत, म्हणजे वाइन तयार होते त्या ठिकाणी, आधी चव घेऊन मगच शहरातील दुकानांत किमतींची तुलना करावी.