कोथरूडचे घरसामान अ‍ॅमस्टरडॅमच्या तिसऱ्या मजल्यावर न्यावे का?

प्रश्न : माझ्या पतींना अ‍ॅमस्टरडॅम येथे तीन वर्षांच्या कराराची नोकरी मिळाली असून आम्ही दोघे व आठ वर्षांचा मुलगा लवकरच तेथे राहायला जाणार आहोत. भाड्याचे घर योर्दान भागात, कालव्यालगत, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कोथरूडच्या आमच्या मालकीच्या घरातील सगळे सामान (24 घनमीटर) 20 फुटी कंटेनरने नेण्यासाठी 5,40,000 रुपयांचे, तर फक्त 5 घनमीटर सामान इतरांच्या सामानाबरोबर पाठवण्यासाठी 1,90,000 रुपयांचे कोटेशन आले आहे. विम्याचा दर 3 टक्के आहे. पतींची कंपनी वाहतुकीची बिले दाखवल्यावर 4 लाखांपर्यंत रक्कम देईल. तेथे फर्निचर घ्यायचे तर सुमारे 3 लाख लागतील; येथले सगळे सामान पुण्यात विकले तर अडीच लाखही येणार नाहीत. सामानात सासऱ्यांचा सागवानी झोपाळा व सासूबाईंचे लोखंडी कपाट आहे. कंपनी पैसे देतेच आहे, तर सगळे न्यावे का? कोटेशन, नेमणूकपत्राचा उतारा व नव्या घराचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर : आपण पाठवलेल्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, अटींच्या बारीक अक्षरांत, हा दर ‘नॉर्मल अ‍ॅक्सेस’ गृहीत धरून दिला असल्याचे म्हटले आहे. मोठी गाडी थेट दारापाशी उभी राहील आणि सामान नेहमीच्या जिन्याने किंवा लिफ्टने वर जाईल, असा या दोन शब्दांचा अर्थ आहे. आपल्या नव्या घराच्या बाबतीत यातले काहीच खरे नाही. म्हणून 5,40,000 ही आपल्या निर्णयाची किंमत समजू नये. न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा हजारो मैलांचा प्रवास त्यात आला आहे, पण शेवटचे तीस मीटर आलेले नाहीत.

अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यभागात साडेसात टनांहून जड वाहनांना खास परवानगीशिवाय जाता येत नाही. रिकामा 20 फुटी कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. त्याला वाहून नेणारी गाडी धरली, तर आपली एक चादरही आत न ठेवता ही मर्यादा ओलांडली जाते. ही बंधने हौसेने घातलेली नाहीत. कालव्यांच्या जुन्या भिंती बहुतांशी लाकडी खांबांवर उभ्या आहेत आणि 1 सप्टेंबर 2020 रोजी ग्रिमबुर्गवाल येथील भिंतीचा एक भाग खरोखरच कालव्यात कोसळला होता. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून शहराच्या मोठ्या भागात मालवाहू गाड्यांसाठी शून्य-उत्सर्जन क्षेत्र लागू झाले असून जुन्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने सवलत असली, तरी नव्याने नोंदलेली मालवाहू गाडी तेथे शून्य-उत्सर्जनाचीच लागते. परिणामी कंटेनर शहराबाहेरच्या गोदामात उघडला जातो, सामान लहान गाड्यांत भरले जाते (या धंद्यात याला ‘शटल’ म्हणतात), घरासमोरच्या पार्किंगच्या जागा महापालिकेच्या परवानगीने त्या दिवसापुरत्या राखून घ्याव्या लागतात आणि खिडकीपर्यंत पोहोचणारी शिडीची लिफ्ट तासाच्या भाड्याने आणावी लागते. यातील प्रत्येक गोष्टीचे बिल निराळे असते आणि ते युरोत येते.

आपण पाठवलेल्या फोटोत त्रिकोणी शिखराखाली पुढे आलेली तुळई आणि तिला लोंबणारी आकडी स्पष्ट दिसते. अशा जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे की सामान दोराने ओढून खिडकीतूनच आत घ्यावे लागे; दर्शनी भिंती किंचित पुढे झुकलेल्या ठेवण्याचे एक कारणही हेच सांगितले जाते, की वर जाणारे ओझे भिंतीवर आपटू नये. ही आकडी पाहून हायसे वाटण्याचे मात्र कारण नाही. तिला आज किती वजन पेलते याची खात्री घरमालकाने दिल्याशिवाय जबाबदार हमाल तिला हात लावत नाहीत, आणि खिडकीच्या चौकटीची मोकळी रुंदी तर आपल्याला अद्याप ठाऊकच नाही. सासूबाईंचे कपाट नेहमीच्या मापाचे, म्हणजे साधारण 78 इंच उंच, 36 इंच रुंद आणि 19 इंच खोल असेल, तर ते ना सुटे होते ना वाकते. माझ्या एका अशिलाचा तीन आसनी सोफा अशाच एका घराच्या दुसऱ्या वळणावर अडकला, परत गोदामात गेला, आठवड्याच्या भाड्याने सात आठवडे तेथे राहिला आणि शेवटी मिळेल त्या किमतीला विकावा लागला. समुद्रप्रवासात त्याला ओरखडाही आलेला नव्हता.

आता आकडे मांडू. युरो 100 रुपये धरून, शटल, शिडीची लिफ्ट, पार्किंगची परवानगी आणि जादा मजुरी यांसाठी मी 1,15,000 रुपये बाजूला ठेवतो. खरा आकडा मूव्हरकडून (सामान नेणाऱ्या व्यावसायिकाकडून) लेखी घ्यावा. सामानाची किंमत (विकून येईल ती नव्हे, तर तसेच नवे घ्यायला लागेल ती) 8 लाख जाहीर केल्यास विमा 24,000 रुपयांचा होईल. म्हणजे पूर्ण कंटेनरचा खर्च 6,79,000 रुपये आणि कंपनीचे 4 लाख वजा जाता आपल्या खिशातून 2,79,000 रुपये. दुसऱ्या बाजूला 5 घनमीटर सामान नेल्यास 1,90,000 अधिक 3 लाखांच्या सामानाचा 9,000 रुपये विमा, असे 1,99,000 रुपये होतात आणि ते सगळे कंपनी देते; तेथील फर्निचरचे 3 लाख मात्र आपले. प्रामाणिकपणे पाहिले तर येथपर्यंत कंटेनरच 21,000 रुपयांनी स्वस्त पडतो, आणि आपल्या मनाचा कल तिकडे का झुकला हे मला समजते.

हिशेब उलटतो तो परतीच्या वाटेवर. करार तीन वर्षांचा आहे आणि आपण पाठवलेल्या नेमणूकपत्राच्या उताऱ्यात परतीच्या वाहतुकीचा उल्लेखही नाही. आजच्याच दराने तेच सामान परत आणायचे, तर आणखी 6,79,000 रुपये संपूर्ण आपल्या खिशातून जातील आणि एकूण बोजा 9,58,000 रुपये होईल. 5 घनमीटरच्या मार्गात परतीचे 1,99,000 धरूनही एकूण 4,99,000 रुपये होतात, आणि तेथील फर्निचर निघताना मार्क्टप्लाट्ससारख्या संकेतस्थळावर विकून जे मिळेल ते वेगळे. साडेचार लाखांहून अधिक रकमेचा हा फरक, आपल्याच अंदाजानुसार पुण्यात विकल्यास अडीच लाखही न येणाऱ्या सामानासाठी सोसणे मला पटत नाही. ‘कंपनी देतेच आहे’ हे वाक्य फक्त जाण्यापुरते खरे आहे.

कंपनीकडे मात्र एक गोष्ट जरूर मागावी. 4 लाखांपैकी न वापरलेले दोन लाख घर मांडण्यासाठी मिळतील का, असे पतींनी लेखी विचारावे. नेदरलँड्सच्या करनियमांत नोकरीसाठी स्थलांतर करणाऱ्याला सामानाच्या वाहतूकखर्चाखेरीज आणखी 7,750 युरोपर्यंतची रक्कम नोकरी देणाऱ्या कंपनीने काही अटींवर करमुक्त देण्याची सोय आहे, त्यामुळे ही मागणी वावगी नाही. ती मान्य झाली, तर जाण्यापुरतादेखील कंटेनर महाग ठरेल.

निर्णयाची घाई करण्याचेही कारण नाही. युरोपीय संघाबाहेर किमान बारा महिने राहिलेल्या व्यक्तीला, किमान सहा महिने वापरलेले घरसामान तेथे राहायला गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत आयातशुल्काविना नेता येते, आणि ते एकाहून अधिक खेपांत नेण्यासही मुभा आहे. म्हणजे आधी जावे, खिडकी स्वतः टेपने मोजावी, घरात पडदे आणि फरशीवरचे आच्छादन आहे की नुसत्या भिंती आहेत हे पाहावे (तेथे ‘रिकामे घर’ म्हणजे कित्येकदा जमिनीवरचे आच्छादनही काढून नेलेले घर असते), आणि मग काही उणे भासलेच तर दुसरी खेप मागवावी. सवलतीत नेलेली वस्तू बारा महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. कंटेनर आजच निघाला तरी गाद्या पहिल्याच रात्री लागणार आहेत. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली, हा अनुभव ताजा आहे.

5 घनमीटर म्हणजे 18 बाय 18 बाय 24 इंचांची सुमारे चाळीस खोकी. जिन्याने एक माणूस एक खोके उचलून नेऊ शकतो, यातच त्यांची खरी बचत आहे. त्यांत भांडी, पुस्तके, देव्हारा, पांघरुणे, मुलाची खेळणी आणि मिक्सर भरावा. तेथे वीज 230 व्होल्टचीच असल्याने मिक्सरला फक्त प्लग बदलावा लागेल. तुपाचा डबा मात्र ठेवू नये, कारण युरोपीय संघात खासगी सामानातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे आणि एका डब्यासाठी सगळी खोकी उघडली गेली, तर तपासणीचा खर्च आपल्या माथी येतो. विमा घेताना दोन बाबी पाहाव्यात. स्वतः भरलेल्या खोक्यांतील फुटतुटीला बहुतेक पॉलिसींत संरक्षण नसते, म्हणून काचसामान मूव्हरकडूनच भरून घ्यावे. आणि ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ (संकटातून जहाज सोडवण्याचा खर्च त्यावरील सर्व मालाच्या धन्यांत वाटण्याचा नियम) समाविष्ट असल्याची खात्री करावी. 2021 मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजावर ते जाहीर झाले, तेव्हा ज्यांच्या मालाचे काहीही बिघडले नव्हते त्यांनाही जहाजाच्या सुटकेच्या खर्चातील वाट्याची हमी दिल्याशिवाय माल मिळाला नाही.

राहिले कपाट आणि झोपाळा. कोथरूडचे घर रिकामे न ठेवता फर्निचरसह भाड्याने द्यावे. पलंग, सोफा आणि जेवणाचे टेबल तेथेच राहिले तर ते नेण्याचाही प्रश्न नाही आणि विकण्याचाही. आपण अनिवासी झाल्यावर भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागतो, हे करारात आधीच लिहून घ्यावे, आणि भाडे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) जमा करावे. कपाट सासूबाईंच्या वस्तूंसह एका खोलीत कुलूपबंद ठेवता येईल. झोपाळ्याची फळी शिडीच्या लिफ्टने कदाचित वर जाईलही, पण भाड्याच्या जुन्या घराच्या तुळईत कड्या ठोकायला घरमालक परवानगी देईल असे मला वाटत नाही. झोपाळा भाडेकरूच्या वापरात द्यायला मन धजत नसेल, तर पितळी कड्या उतरवून फळी पुण्यातल्याच एखाद्या नातलगाकडे भिंतीला उभी करून ठेवावी. 1,90,000 च्या कोटेशनलाही होकार कळवण्यापूर्वी मूव्हरला घराचा पत्ता, मजला, जिन्याचा फोटो आणि खिडकीचे माप ई-मेलने पाठवावे आणि ‘तिसऱ्या मजल्यावरील खोलीत पोच, सर्व खर्चांसह’ एवढे शब्द उत्तरात लिहून मागावेत.