मेंढ्या एकदम माजावर आणायच्यात, स्पंज लावू की इंजेक्शन देऊ?

प्रश्न: डॉक्टर, माझ्याकडे 60 मेंढ्या आणि 3 नर आहेत. कोकरं वर्षभर सुटी सुटी येतात, एकसारख्या वजनाचा लॉट कधी होतच नाही आणि रात्री-अपरात्री व्यायला लागलेल्या मेंढीवर लक्षही राहत नाही. सगळ्या एकदम माजावर आणायची औषधं असतात म्हणे, कुणी स्पंज सांगतं कुणी इंजेक्शन. काय करू?

उत्तर: दोन्ही चालतात, पण त्यांचं काम उलट आहे, तेवढं समजलं की निवड सोपी होते. मेंढीचं माजाचं चक्र साधारण 17 दिवसांचं, माज टिकतो 24 ते 36 तास. माजानंतर अंडाशयावर पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि तो आहे तोवर मेंढी परत माजावर येत नाही. स्पंज म्हणजे बाहेरून दिलेलं तेच प्रोजेस्टेरॉन (किंवा त्याच्यासारखं औषध), 12 ते 14 दिवस योनीत ठेवायचं, तेवढ्यात प्रत्येकीचा स्वतःचा पीतपिंड विरून जातो आणि स्पंज काढला की ब्रेक एकदम सुटतो, बहुतेक मेंढ्या दीड-दोन दिवसांत माजावर. काढताना पीएमएसजी या स्त्रीबीज वाढवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन देतात, साधारण 300 ते 500 युनिट, नेमका डोस जात, वजन आणि सीझन बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. जास्त दिलं की जास्त कोकरं असा हिशोब करू नका प्लीज, तिळी-चौळी झाली की अशक्त कोकरं मरतात आणि मेंढीही खचते.

तुम्ही ऐकलेलं दुसरं इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचं, ते असलेला पीतपिंड मोडतं. म्हणजे पीतपिंड असेल तरच उपयोग, माजाचा सीझन नसताना दिलं तर वायाच. माजानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतही लागू पडत नाही म्हणून 9 ते 11 दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. आणि हे नीट वाचा, मेंढी गाभण असेल तर, निदान पहिल्या 50 दिवसांत, हे इंजेक्शन गर्भ पाडतं. तुमच्या कळपात नर कायम सोबत असणार, मग कोण गाभण कोण रिकामी हे सोनोग्राफी केल्याशिवाय कसं कळणार? म्हणून तुम्हाला मी स्पंजच सांगेन, तोही रिकाम्या मेंढ्यांनाच. हे इंजेक्शन कातडीतूनही शरीरात जातं, गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने त्याला हातच लावू नये, बाकीच्यांनीही हातमोजे घालूनच.

आता खरी अडचण, तुमचे 3 नर. एरवी ते पुरतात कारण माज विखुरलेला असतो, पण 60 मेंढ्या दोन दिवसांत माजावर आल्या तर नर दमतात, आणि मग आपण औषधाला नावं ठेवतो. सीझनमध्ये 10 मेंढ्यांना एक नर धरा, सीझनबाहेर 5 ला एक. तेव्हा 30-30 च्या दोन बॅच करा, मध्ये आठवडाभर अंतर ठेवा आणि एका नराजवळ 10 मेंढ्या असे वेगळे कप्पे करा, नाहीतर नर आपसातच भांडत बसतात. नर स्पंज काढल्यावर लगेच न सोडता दीडेक दिवसाने सोडा. वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात म्हणून नराचा खुराक आणि तपासणी दोन महिने आधीपासून हवी.

पहिल्याच माजाला सगळ्या फळतील अशी आशा ठेवू नका. ज्या राहतील त्या 16-17 दिवसांनी एकत्रच उलटतात, म्हणजे परत माजावर येतात, तेव्हा नर हजर पाहिजे. मेंढी हडकुळी असेल तर आधी दोन महिने खाऊ घाला, हार्मोनने पोट भरत नाही. आणि तारीख ठरवताना उलटं मोजा, गाभणकाळ साधारण 150 दिवस, त्यावेळी चारा आणि मदतीला माणसं असतील का ते बघा, मगच स्पंज लावा.

प्रश्न: स्पंज काढताना घाण वास आणि पांढरट स्राव आला. इन्फेक्शन झालं का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. स्पंजमुळे स्राव आत साठतो, काढल्यावर एक-दोन दिवसांत साफ होतो. ताप असेल, मेंढी खात नसेल किंवा स्पंजचा बाहेर लोंबणारा दोरा दिसतच नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, दोरा दिसत नाही म्हणजे स्पंज पडला असं गृहीत धरू नका, तो आत राहिलेला असू शकतो. पहिलारू मेंढ्यांत स्पंज कधी चिकटतो, हिसका न देता हळू खाली ओढा. काढलेल्या स्पंजमध्ये औषध उरलेलं असतं, उघड्यावर किंवा पाण्यात टाकू नका.

प्रश्न: मागच्या वेळी रिझल्ट छान होता, त्याच मेंढ्यांना त्याच पद्धतीने परत केलं तर कमी फळल्या, असं का?

उत्तर: नर आणि मेंढ्यांची तब्येत तशीच होती का ते आधी तपासा. तेही ठीक असेल तर पीएमएसजीकडे बघा. ते गाभण घोडीच्या रक्तातून काढतात, मेंढीच्या शरीराला ते परकं, त्यामुळे वारंवार दिलं की काही मेंढ्यांत अँटिबॉडी तयार होतात आणि माज उशिरा येतो, मग ठरल्या वेळेचं कृत्रिम रेतन हमखास हुकतं. त्याच मेंढ्यांना लागोपाठ देऊ नका. मधल्या वेताला नराचाच उपयोग करा: महिनाभर नर पूर्ण लांब ठेवायचे, दिसायलाही नको आणि वासही नको, मग एकदम सोडायचे. सीझन सुरू व्हायच्या जरा आधी हे छान जमतं. दोन-तीन दिवसांत स्त्रीबीज सुटतं पण तो माज दिसत नाही, दिसणारा माज साधारण 18 आणि 24 व्या दिवसाच्या आसपास दोन गटांत येतो. स्पंजइतकं नेमकं नाही, पण कळपाला सुई लावावी लागत नाही आणि कोकरं बऱ्यापैकी एकत्र येतात.