‘ह्यांना लढाईबद्दल विचारू का?’

सैनिकांच्या घरातून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या स्त्रिया एक प्रश्न हमखास विचारतात. माणूस युद्धावर जाऊन आला, त्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढले नाही, आणि आता इतक्या वर्षांनी त्याची झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे. तर त्याला विचारून बोलते करावे, की विषयच काढू नये? सातारा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत मुले पाठवणारी गावे आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे नवा नाही. एका कुटुंबाच्या संमतीने त्यांचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माण तालुक्यातून आलेल्या त्या बाई पहिल्या भेटीला एकट्याच आल्या होत्या. त्यांचे पती 1999 मध्ये कारगिलच्या युद्धात पायदळाच्या एका पलटणीबरोबर द्रास भागात होते. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते आणि लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. पुढे ते हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणते, 26 जुलैला शाळेत बोलावून शाल-नारळ देते, आणि ते दोन वाक्ये बोलून खाली बसतात. त्रास सुरू झाला तो घरी आल्यानंतर. रात्री दोन-अडीचला ते उठत, सगळे हंडे आणि कळश्या उघडून पाहत, एखादी रिकामी असेल तर बाहेरच्या टाकीतून भरून आणत, आणि घरातल्या प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवल्याशिवाय पुन्हा आडवे होत नसत. एका रात्री धाकट्या मुलीने तो तांब्या नको म्हणून परत नेऊन ठेवला, तेव्हा त्यांचा आवाज इतका चढला की शेजारी दार वाजवायला आले. लष्करी कॅन्टीनमधली दारूची जी बाटली पूर्वी महिनाभर पुरायची, ती आता आठवड्यात संपत होती. “ह्यांना लढाईबद्दल विचारू का?” त्यांनी मला विचारले, “की बाहेरचं काही असेल?”

इथे माझी चूक झाली. माण हा दुष्काळी तालुका आहे. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसाने पाणी साठवावे यात मला काही वेगळे वाटले नाही. मी ते टिपून घेतले आणि पुढे गेले. मी विचारत राहिले ते फटाक्यांबद्दल आणि आवाजांबद्दल, कारण युद्धावरून आलेला माणूस आवाजाला दचकतो असे आपण सगळेच गृहीत धरतो. बाई म्हणाल्या, तसे काही नाही, दिवाळीत मुलींना फटाके तेच उडवून दाखवतात.

हवालदार स्वतः आले ते तिसऱ्या वेळी. दार दिसेल अशी खुर्ची फिरवून बसले. मी युद्धाचे नाव काढले नाही, त्यांचा दिवस कसा जातो एवढेच विचारले. दिवस जातच नव्हता. पलटणीत पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत प्रत्येक तास कोणीतरी आखून दिलेला असतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तेच पाहिलेले असते, त्याला काही सांगावे लागत नाही. पेन्शनीबरोबर ते छत्र जाते. म्हणून प्रसंगानंतर पंधरा-वीस वर्षांनी त्रास उफाळून आला, तर ‘इतके दिवस बरे होते, आताच काय झाले’ असे म्हणून कोणी त्याला सोंग समजू नये. पहिल्या महायुद्धात याच प्रकारच्या त्रासाला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि त्यातल्या कित्येकांना भित्रे ठरवले गेले. 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर ताण विकार हे निदान आले. आपल्याकडे मात्र अजून कित्येक घरांत आधी देवऋषी होतो, मग दवाखाना.

पाचव्या भेटीत मी सहज म्हणून पाण्याकडे वळले. घरात पाणी कोण भरते, एवढेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग चाळीस मिनिटे न थांबता बोलले.

शत्रू वरच्या कड्यांवर बसलेला असल्याने दिवसा त्या उतारावर हालचाल करता येत नसे, चढाई रात्रीचीच. पंधरा-सोळा हजार फुटांवर नुसते चालतानाही धाप लागते, तिथे पाठीवर दारूगोळा जास्तीत जास्त घेता यावा म्हणून खाणे आणि पाणी कमी घेतलेले. बाटलीतले पाणी गोठू नये म्हणून ती अंगाशी धरायची आणि तहान लागली की बर्फ खायचा, त्यालाही दारूगोळ्याचा वास. त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराला पोटात गोळी लागली. पोटात जखम झालेल्याला पाणी पाजायचे नाही, हे प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात त्यांना पक्के शिकवलेले होते. तो पहाटेपर्यंत पाणी मागत राहिला. हे पट्टीचा तुकडा बर्फात भिजवून त्याच्या ओठांना लावत राहिले. वरून गोळीबार चालू असल्याने त्याला खाली नेणे शक्य झाले नाही. उजाडताना तो गेला, तेव्हा यांच्या बाटलीत निम्मे पाणी शिल्लक होते.

मी त्यांना सांगितले की तो नियम योग्य आहे, आजही डॉक्टर तेच सांगतील. ते म्हणाले, “नियम बरोबर होता हे मला ठाऊक आहे, मॅडम. त्याला ठाऊक नव्हतं.”

त्यानंतर मी त्यांना समजावणे थांबवले. अशी अपराधी भावना पुराव्याने पुसली जात नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या. मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेसाठी आणि ताणासाठी औषधे दिली आणि दारू त्यांच्या देखरेखीखाली कमी केली, कारण रोज पिणाऱ्याने ती एकदम तोडणे धोक्याचे ठरू शकते. आणि माझ्याकडे त्यांनी ती रात्र चढाईपासून पहाटेपर्यंत क्रमाने, पुन्हा पुन्हा सांगितली. त्यांची आठवण दर वेळी पाण्यापाशी येऊन अडायची. आपण त्याचे डोके मांडीवर घेतले होते आणि अंगावरची जर्सी काढून त्याच्याभोवती गुंडाळली होती, हे त्यांनी आठव्या भेटीत पहिल्यांदा सांगितले, आणि सांगताना स्वतःच थांबले.

आता मूळ प्रश्न. ‘तिथे काय पाहिलेत, किती जण मारलेत’ असे घरात कोणी विचारू नये, मुलांनाही तसे सांगून ठेवावे. आपल्याला जे दिसते त्याबद्दल मात्र अवश्य बोलावे : “तुम्ही रात्री उठता, मला काळजी वाटते, आपण कोणाला तरी दाखवू या.” युद्धाबद्दल कधी आणि कोणाशी बोलायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. ऐकणारा माणूस घरातला असेलच असे नाही. पत्नीला याचे वाईट वाटते, आणि ते मी समजू शकते. पण बहुतेकांना ती रात्र घरात आणायची नसते म्हणूनच ते घरात बोलत नाहीत. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली तर मात्र वाट पाहू नये. अनेक माजी सैनिकांकडे पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक असते. अशा वेळी ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा करण्याची व्यवस्था तातडीने करावी. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असलेल्यांना पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येते, आणि ते कसे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

अलीकडे त्या बाई पुन्हा एकदा एकट्या भेटून गेल्या. पतीने त्यांना जोडीदाराचे नाव आणि गाव सांगितले आहे, बाकी काही नाही, आणि त्यांनी विचारलेले नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री हवालदार अजून उठतात. मग त्याही उठतात, आणि ते कळशी ओतत असताना मोबाइलचा उजेड धरून उभ्या राहतात.