सभासदांची सोसायटी लंडनच्या बाजारात: ओल्ड म्युच्युअलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या लेखात दक्षिण आफ्रिकेच्या ओल्ड म्युच्युअल या विमा कंपनीचा उल्लेख होता. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यांतले चार घेतो.

नावात म्युच्युअल आहे, म्हणजे ही म्युच्युअल फंडवाली कंपनी का?

नाही. म्युच्युअल विमा संस्थेला भागधारक नसतात. जो पॉलिसी घेतो तोच सभासद आणि तोच मालक. दावे आणि खर्च भागवून उरलेल्या पैशातून थोडे गंगाजळीत जातात, बाकीचे बोनस म्हणून पॉलिसीवर चढतात. १८४५ मध्ये केप टाउनला वृत्तपत्राचे संपादक जॉन फेअरबेर्न यांच्या पुढाकाराने १६६ सभासदांनी अशी सोसायटी सुरू केली, तीच पुढची ओल्ड म्युच्युअल.

दीडशे वर्षं चाललं, मग शेअर बाजारात जायची गरज काय होती?

भांडवल. म्युच्युअल संस्था वाढते ती स्वतःच्या शिलकीवर. परदेशातली कंपनी विकत घ्यायची म्हटली, तर मोबदल्यात द्यायला तिच्याकडे शेअरच नसतात. शिवाय वर्णद्वेषी राजवटीच्या काळात परकीय चलनावर कडक बंधनं होती, त्यामुळे पैसा देशातच फिरायचा. १९९४ नंतर दारं किलकिली झाली आणि १९९९ मध्ये कंपनीची लंडन आणि जोहान्सबर्गमध्ये नोंदणी झाली. मुख्यालयही लंडनला गेलं.

यात पॉलिसीधारकांना काय मिळालं?

मालकी हक्काच्या बदल्यात फुकट शेअर. पॉलिसीतला करार तसाच राहिला, पण मला यात एक गोष्ट खटकते. ती गंगाजळी अनेक पिढ्यांच्या हप्त्यांतून साठली होती. शेअर मात्र त्या घडीला जे सभासद होते त्यांनाच मिळाले. आधीच पॉलिसी संपलेल्यांच्या हाती काही नाही. आणि पुढच्या काळात नफ्याला दोन वाटेकरी झाले, पॉलिसीधारक आणि भागधारक.

लंडनला जाऊन कमावलं काय?

सुरुवातीला पसारा. २००० मध्ये अमेरिकेतली युनायटेड ॲसेट मॅनेजमेंट घेतली, २००६ मध्ये स्वीडनची विमा कंपनी स्कांडिया. पण कमाईचा मोठा हिस्सा रँड या दक्षिण आफ्रिकेच्या चलनात आणि हिशेब पौंडात. रँड घसरला की धंदा उत्तम चालूनही आकडे खाली. वर लंडनच्या मुख्यालयाचा खर्च. अमेरिकेतला आयुर्विमा व्यवसाय २०११ मध्ये विकला. २०१२ मध्ये स्कांडियाचा नॉर्डिक (उत्तर युरोपातला) व्यवसाय विकला तो स्कांडिया लिव्ह या स्वीडनमधल्याच आयुर्विमा कंपनीला, आणि तिथे २०१४ पासून पॉलिसीधारकच मालक झाले! म्युच्युअलपण सोडलेल्या कंपनीच्या हातून निसटून एक कंपनी म्युच्युअल झाली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत गमतीचं वळण वाटतं.

२०१६ मध्ये समूहाचे चार तुकडे करायचं ठरलं. २०१८ मध्ये ओल्ड म्युच्युअल लिमिटेड जोहान्सबर्गच्या बाजारात मुख्य नोंदणी घेऊन घरी परतली, ब्रिटनमधला संपत्ती व्यवस्थापनाचा व्यवसाय क्विल्टर नावाने वेगळा झाला, नेडबँक या दक्षिण आफ्रिकेतल्या बँकेचे समूहाकडचे बहुतांश शेअर भागधारकांना वाटून टाकले.

हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या वाचकानेच पुढे विचारलंय, "मग म्युच्युअलच राहायला हवं होतं ना?" तसं छातीठोक सांगता येणार नाही. ब्रिटनची इक्विटेबल लाइफ १७६२ पासूनची, म्युच्युअलच. जुन्या पॉलिसींत पेन्शनच्या दराची हमी देऊन ठेवलेली. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ती पाळायला लावली आणि डिसेंबरात तिला नवे ग्राहक घेणं बंद करावं लागलं. पैसे मागायला भागधारकच नव्हते. तूट भरून काढली ती सभासदांच्याच पॉलिसींचं मूल्य कापून.