शेवटचा बॅरन: ख्रिस्तोफर पॅलिस

एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश न्यायाधीशांपैकी आज कुणाबद्दल वाचावं, असं तुम्ही विचारलंय. मी विधी महाविद्यालयात टॉर्ट, म्हणजे नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांचा कायदा, शिकवतो आणि माझ्या मनात एकच नाव येतं, ख्रिस्तोफर पॅलिस.

जन्म १८३१, डब्लिन. घर कॅथलिक, शिक्षण ट्रिनिटी कॉलेजात. त्या काळी तिथली फेलोशिप कॅथलिकांना बंद होती. पॅलिस वकिलीकडे वळले आणि १८७२ मध्ये आयर्लंडचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील झाले. गॉलवेच्या पोटनिवडणुकीत धर्मगुरूंनी मतदारांवर दबाव आणल्याचा ठपका कोर्टाने ठेवला होता. त्यावरून एका बिशपवर आणि काही पाद्र्यांवर खटले चालवण्याचं काम या श्रद्धाळू माणसाच्या वाट्याला आलं. ते त्यांनी केलं.

१८७४ मध्ये ते कोर्ट ऑफ एक्स्चेकरचे मुख्य न्यायाधीश, म्हणजे ‘लॉर्ड चीफ बॅरन’ झाले. इथे बॅरन म्हणजे जहागीरदार नव्हे, त्या कोर्टाच्या न्यायाधीशांनाच तसं म्हणत. पुढे ते कोर्ट दुसऱ्या कोर्टात विलीन झालं, तरी पॅलिस यांचं पद १९१६ पर्यंत राहिलं. त्यांच्यानंतर मात्र कुणी चीफ बॅरन झालं नाही.

मी वर्गात त्यांना आणतो ते १८९० च्या बेल खटल्यासाठी. रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे एक प्रवासी बाई भयंकर घाबरली आणि त्या धसक्याने आजारी पडली. दोनच वर्षांपूर्वी, ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका खटल्यात, प्रिव्ही काउन्सिलने (ब्रिटिश वसाहतींसाठीचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) नुसत्या भीतीच्या धक्क्यासाठी भरपाई नाकारली होती. आपल्याकडची अपिलंही तेव्हा तिथेच जात. पण आयर्लंडची अपिलं ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाकडे, हाउस ऑफ लॉर्ड्सकडे, जात असल्यामुळे तो निकाल पॅलिस यांच्यावर बंधनकारक नव्हता, आणि त्यांनी तो मानला नाही. मेंदू आणि मज्जासंस्था हेही शरीरच आहे. भीतीने त्यांना इजा झाली, तर अंगाला काही लागलं नाही एवढ्यावरून भरपाई कशी नाकारणार? १९०१ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानेही आयरिश निकालांचाच रस्ता धरला. मनाच्या दुखण्याला कोर्टात जागा मिळाली त्यात या निकालाचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो.

त्याहून मला भावतं ते मिस्सांच्या मृत्युपत्रांचं प्रकरण. (मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, इथे मृतांच्या आत्म्यासाठी केलेला. वसईकडे हाच शब्द आहे.) १८७० च्या दशकात पॅलिस यांनीच निकाल दिला होता की खाजगीत म्हटल्या जाणाऱ्या मिस्सांसाठी ठेवलेला पैसा कायद्याने धर्मादाय ठरत नाही. १९०६ मध्ये, ओ’हॅनलन विरुद्ध लोग या खटल्यात, पंचाहत्तरीला टेकलेल्या पॅलिस यांनी आपलं ते मत सोडलं. एखाद्या विधीचं आध्यात्मिक फळ काय, हे कोर्टाने त्या धर्माच्याच श्रद्धेवरून ठरवायचं, म्हणून असा पैसाही धर्मादायच, असा त्यांचा नवा विचार होता.

सुरुवात याच दोन निकालांपासून करा. आधी जुना वाचा, मग १९०६ चा.