आधी आपली कुऱ्हाड

तुम्ही विचारलंय की गावची साधी माणसं हात न उगारता जंगलतोड थांबवू शकतात का, की झाडाला मिठी मारणं शाळेच्या पुस्तकापुरतंच. तुमच्या गावामागच्या टेकडीवर रात्री साग तुटतो, हेही लिहिलंय. मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला. तोड थांबते, हे मी पाहिलंय. पण ती एका दिवसाच्या मिठीने थांबत नाही.

झाडांना मिठी मारून तोड अडवणाऱ्या चिपको आंदोलनाचंच घ्या. २६ मार्च १९७४ ला उत्तराखंडच्या रेणी गावातले पुरुष चमोलीला गेलेले होते. तोडणारे जंगलाकडे निघाल्याचं एका मुलीने पाहिलं आणि ती धावत गौरा देवींकडे गेली. त्यांनी गावच्या बाया गोळा केल्या, झाडं वाचली. आपल्याला हा दिवस आठवतो. पण गौरा देवींचं महिला मंडळ आधीपासून होतं, म्हणून त्या पोरीला कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं.

आमच्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. कागद कारखान्यासाठी चाललेल्या बांबूतोडीला त्या गावाने विरोध केला. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि गावासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे मतदानाने नाही, सर्वांच्या सहमतीने ठरतं. एक घर जरी नाही म्हणालं तरी विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो खरा, पण ठरलेलं मोडायला मग कोणी धजावत नाही. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

आता आमच्या गावचं. ग्रामसभेत नियम झाला की घरच्या गरजेचं लाकूडही सभेला विचारून आणायचं. महिनाभरातच माझ्या बाबांनी गोठ्याच्या बल्लीसाठी (खांबासाठी) न विचारता साग पाडला. सभेत नाव निघालं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. बाबा उठले, 'तोडलं' म्हणाले आणि दंड भरला. घरी दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

त्याच हिवाळ्यात गस्तीच्या पाळीवर आम्हाला सागाच्या लाकडांनी भरलेली बंडी सापडली. शेजारच्या गावचे तिघे, हातात कुऱ्हाडी. आम्ही अकरा जण, त्यात पाच बाया. आम्ही वाटेवर बसलो. त्यांच्यातला एक ओरडला, "तुमच्या गावचे तोडत नाहीत काय?" आमच्या काकू म्हणाल्या, "तोडलं. दंड भरला. तो बघा, तुमच्यासमोरच बसला आहे." बाबा खरंच तिथेच होते. यावर त्या माणसाला बोलायला काही उरलं नाही. आम्ही बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, शेकोटी पेटवून त्या तिघांनाही बसवून घेतलं. लाकडं मोजली, गोलाई सुतळीने मापली, वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. रात्रीच निरोप देऊनही वनखात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याचा राग मला अजून आहे. पण वही होती, म्हणून प्रकरण दाबता आलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, टेकडीवर जायच्या आधी गावात बसा. आपल्या घरची तोड कशी थांबवायची, हे पहिलं ठरवा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक हक्काचा दावा करायचा असेल तर त्या सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. ही अट कागदावरच भरू नका. लाकूडफाट्याला रोज जंगलात जातात त्या बायाच, कोणत्या वाटेने बंडी गेली ते त्यांनाच आधी दिसतं.

आणि सभेची वेळ त्यांना विचारूनच ठरवा. मोहफुलाच्या दिवसांत सकाळची सभा ठेवलीत तर एकही बाई येणार नाही.